डिझेल उपसमिती आणि भाग दुसरा

संस्थेचं काम करणाऱ्या माणसाला दुसरं काही मिळो न मिळो, किस्से मात्र भरपूर मिळतात. आणि ते शोधायला जावं लागत नाही हो! ते घरी येतात, फोनवर येतात, ऐन जेवताना येतात. माझी बायको तर स्पष्ट सांगते, "पाहुण्यांसमोर इंजिनाचं काढायचं नाही. लोक आपल्याकडे येणं बंद करतील." पण आज तुम्हीच विषय काढलात, तर ऐका आता.

इंदूरला आमचं एक फिरतं मराठी वाचनालय आहे. मुख्यालय स्नेहलतागंजात. मुख्यालय म्हणजे एक खोली, एक अंगण आणि पानसे काका. काका रिटायर्ड प्रोफेसर, संस्थेचे अध्यक्ष, आणि त्यांच्यानंतर अध्यक्ष कोण हा विषय त्यांना आवडत नाही. वाचनालय चालतं एका छोट्या जुन्या पिकअपवर. मागे लोखंडी डबा, डब्यात कपाटं, कपाटांत पुस्तकं. दर रविवारी मी ती गाडी चालवत बडा गणपती, जुनी इंदूर, जिथे जिथे मराठी म्हातारी माणसं आहेत तिथे घेऊन जायचो. बाकी आठवडाभर मी नोकरी करतो, म्हणजे तिथे जरा विश्रांती मिळते.

तर एका रविवारी बडा गणपतीच्या चौकात गाडीने पांढरा धूर सोडला, एक उसासा टाकला आणि ती थांबली. पेट्रोल इंजिन पार गेलं. पार्ट मिळेनात. तेवढ्यात पानसे काकांच्या भाच्याने एक मोडीत निघालेल्या जीपचं डिझेल इंजिन संस्थेला देऊन टाकलं. "ठणठणीत आहे," म्हणाला. आता साधी गोष्ट होती. जुनं काढायचं, नवीन बसवायचं. बरोबर ना?

काकांनी बैठक बोलावली.

*

बैठकीत पहिला विषय काय, माहितीय? जुन्या इंजिनाला श्रद्धांजली! मी खोटं सांगत नाही. "ज्या इंजिनाने वाचनालयाची दीर्घकाळ निरलस सेवा केली..." असा ठराव काकांनी वाचला आणि सगळ्यांना उभं केलं. मीही उभा राहिलो, न राहून काय करता?

दोन मिनिटं शांतता. त्यात खाली अंगणातून आवाज आला, "भिया, इसको भंगार में दे दें क्या?"

हा बबलू भिया. आमचा मिस्त्री. इंदूरला भैयाचा भिया होतो. काका मान खाली घालूनच कुजबुजले, "त्याला म्हणावं, शांतता संपू दे."

त्याच बैठकीत 'डिझेल उपसमिती' स्थापन झाली. प्रमुख कोण? काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"काका, मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही!"

"असं कसं? तुझे आजोबा महूला फौजेत होते ना? गाड्या बिड्या बघितल्या असतील. घरात येतंच ते."

"काका, आजोबा बँडमध्ये होते. बिगुल वाजवायचे."

"म्हणजे शिस्त आहे," काका म्हणाले, आणि ठराव मंजूर झाला.

*

आता खरी गोष्ट सांगतो, कारण ती कळली नाही तर माझा जीव कशासाठी खालीवर होत होता तेच तुम्हाला कळणार नाही.

जुनी इंदूरला नलूताई राहतात. बांगड्यांच्या दुकानावर दोन खोल्या, एकट्या. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. दोन्ही गुडघे गेलेत, जिना उतरणं बंद. त्यांना पुस्तक द्यायला मीच वर जायचो. गाडी बंद पडायच्या आधीच्या रविवारी त्यांनी एक जाडजूड जुनी कादंबरी ठेवून घेतली होती. भाग एक. त्यात वत्सला नावाची बाई आहे, तिचा नवरा श्रीधर भांडून घर सोडून जातो. ही वाट बघते, वाट बघते. शेवटच्या पानावर दारात टांगा थांबतो, कुणीतरी उतरतं, आणि भाग एक समाप्त!

मंगळवारी फोन आला. "अविनाश, टांग्यातून कोण उतरलं?"

"ताई, ते दुसऱ्या भागात असेल."

"मग आण."

"ताई, गाडीचं इंजिन गेलंय. नवीन बसलं की लगेच."

"कधी बसेल?"

मी म्हटलं, "पंधरा दिवसांत." माझीच जीभ, काय करू तिला!

तुम्ही म्हणाल, अरे मग स्कूटरवर नेऊन द्यायचं की पुस्तक. मीही तेच म्हणालो होतो. पण झालं काय, उपसमितीत पुण्याहून आलेला एक इंजिनिअर होता, केतन. पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात कामाला. हुशार पोरगा. तो म्हणाला, वेल्डिंग करावं लागेल, ठिणग्या उडतील, पुस्तकांचा डबा चॅसिसवरून उतरवून ठेवा. बरोबर बोलला. क्रेन मागवली. मी म्हटलं, "आधी पुस्तकं काढून घेऊ."

काका ओरडले, "अजिबात नाही! क्रम बिघडेल!"

तर क्रम बिघडू नये म्हणून पुस्तकांसकट डबा उचलला आणि अंगणात ठेवला. आणि पावसाचं पाणी दारातून आत जाऊ नये म्हणून काकांनी तो कसा ठेवायला लावला? दार भिंतीकडे करून! भिंतीला चिकटून! झुरळ जाईल, माणूस नाही.

क्रेन गेली. संध्याकाळी मला पुस्तकाची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी क्रेनवाल्याला फोन केला, तर आमची गल्ली ड्रेनेजसाठी खोदलेली! माणसं लावून डबा ढकलायला गेलो, तर मराठी साहित्य इंचभर हललं नाही. शेवटी मी स्टुलावर चढून डब्याच्या वरच्या जाळीतून आत टॉर्च मारला. तिसऱ्या कपाटात, लाल बांधणी. भाग दुसरा. मला दिसत होता हो! अगदी समोर!

दुकानांत विचारलं, छपाई कधीच बंद झालेली. शहरातल्या दुसऱ्या एका वाचनालयात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "आहे ना, दोन प्रती आहेत." मी खूष. दोन्ही भाग एकच्या!

*

केतनचं म्हणणं, आधी मॉकअप. म्हणजे खरं इंजिन उचलून बसवायच्या आधी त्याच मापाचं पुठ्ठ्याचं इंजिन करून बघायचं, कुठे अडतंय, कुठे घासतंय. पुण्याचा माणूस, मापं घ्यायची म्हटलं की त्याच्या अंगात येतं. संध्याकाळी येऊन तो खोके कापायचा, चिकटवायचा. पंखा लावला, फिल्टर लावला, वर चांदीचा रंग दिला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, हा पुठ्ठा गाडीत बसव आणि मोकळा हो बाबा. पण खरं सांगायचं तर झालं सुंदर.

वाळायला म्हणून रात्रभर ते ओटल्यावर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवलं. आता इंदूरची सकाळ तुम्हाला माहीत आहे. गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते, आणि दारात दिसेल ते उचलते. काका दात घासत होते. ब्रश तोंडात, आणि समोरून आमचं इंजिन चाललंय!

काका चपलेशिवाय धावले. "रुको! रुको! वो हमारा इंजिन है!"

गाडीवाल्याने इंजिन एका हाताने वर धरलं, उलटं-पालटं करून बघितलं आणि अदबीने विचारलं, "हां अंकलजी, पर सूखे में डालें के?"

काकांच्या तोंडात फेस होता. त्यांना उत्तर देता आलं नाही. इंजिन सुक्या कचऱ्यात गेलं.

संध्याकाळी केतनने रिकामा ओटला बघितला. फक्त म्हणाला, "दुसरं करतो. ह्यात मला सुधारणाही करायच्या होत्या." मला त्याला मिठी मारावी की बदडावं, तेच कळेना.

*

बबलू भियाचं एक बरं आहे. तो कुणालाच नाही म्हणत नाही.

काका म्हणाले, "इंजिन थोडं पुढे घ्यावं लागेल." बबलू म्हणाला, "हो जाएगा."

केतन म्हणाला, "पुढे नाही, मागे." बबलू म्हणाला, "वो भी हो जाएगा."

मी वैतागून म्हटलं, "भिया, बीच में ही रख दो!"

"वो तो हो ही गया समझो."

आणि गायब! बघायला जावं तर गॅरेजला कुलूप. साल्याचं लग्न, साल्याच्या साल्याचं लग्न. ह्या माणसाच्या सासरी सगळे लग्नाचेच आहेत, कुणी म्हातारं होतच नाही. मी फोन केला की मागे बँड वाजत असायचा. "बस भिया, बिदाई हो जाए, सीधे आप के पास."

इकडे नलूताईंचे फोन चालूच. आता त्यांनी बोलायची पद्धत बदलली होती. 'कधी येणार' विचारत नव्हत्या. मी हॅलो म्हटलं की नुसतं म्हणायच्या, "टांगा अजून दारातच उभा आहे हं." आणि ठेवून द्यायच्या.

एकदा मात्र थांबल्या. म्हणाल्या, "अविनाश, माझं वय किती आहे माहितीय ना तुला? मला अर्धवट ठेवून जायचं नाहीये रे." त्या दिवशी मला माझ्या उपसमितीची खरंच लाज वाटली.

*

मग आला प्लेटचा प्रकार. जीपचं इंजिन आणि आमच्या पिकअपचा गिअरबॉक्स यांची तोंडं जुळत नव्हती. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागणार, तिला बरोबर जागी भोकं हवीत. केतन म्हणाला, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करतो. काका म्हणाले, "कशाला? सोपं आहे." त्यांनी इंजिनाच्या तोंडावर वर्तमानपत्र दाबलं, ग्रीसचे ठसे उमटले, आणि तो कागद कारखान्यात पाठवून दिला.

प्लेट आली. जाड, देखणी, गुळगुळीत. लावायला गेलो, एक भोक जुळेल तर शपथ! सगळी उलटी. कागदावरचा ठसा म्हणजे आरशातलं तोंड, डावीकडचं उजवीकडे गेलेलं. केतन डोक्याला हात लावून बसला.

बैठक! दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. दोष कुणाचा? काका म्हणाले, कारखान्याने विचारायला हवं होतं. केतन म्हणाला, ड्रॉइंग केलं असतं तर. आवाज चढले. "आमच्या पुण्यात..." असं केतन म्हणाला आणि मग तर विचारूच नका! काका उठून उभे राहिले, "तुमच्या पुण्यात इंजिनं आपोआप बसतात का?"

त्यात माझा फोन वाजला. नलूताई.

"ताई, आत्ता नको. प्लेट उलटी झालीय, भांडणं चाललीत."

"उलटी म्हणजे कशी?"

सांगितलं.

"भोकं आरपार आहेत का?"

"आहेत."

"मग पालथी घाला की! शाळेत रोज एक तरी मुलगी बाही उलटी कापायची. कापड दोन्हीकडून सारखं असलं तर फिरवून लावायचं. त्यात काय रडायचंय?"

मी फोन ठेवला. प्लेट उचलली, अंगणात नेऊन पालथी केली, इंजिनावर धरली. सगळी भोकं जुळली.

मागोमाग आलेले पानसे काका घसा खाकरून म्हणाले, "तर, माझी मूळ कल्पना बरोबरच होती."

*

एक सांगायलाच हवं. इंजिन बदलायला सरकारी परवानगी लागते. आम्हाला सगळ्यांनी घाबरवून ठेवलं होतं. पण परवानगी आली! आणि ती आली तेव्हा आमचं इंजिन पुढे की मागे हेच ठरलेलं नव्हतं. आरटीओतल्या साहेबांनी मला कौतुकाने विचारलं, "तो गाड़ी चल रही है अच्छी?" मी म्हटलं, "जी, विचार चल रहा है."

*

इंजिन बसलं. खरंच बसलं! पण डिझेल इंजिन उंच. बॉनेट लागेना. मधोमध एक वीत वर राहिलं. केतन म्हणाला, भोक पाडून वर स्कूप, म्हणजे फुगीर झाकण बसवू, रेसच्या गाड्यांना असतो तसा. काका भडकले, "वाचनालयाची गाडी आहे! लोक पुस्तकं मागायला येतील की शर्यत लावायला?" झालं, पुन्हा बैठकीची वेळ ठरायला लागली.

मी त्या दिवशी फुटलो. म्हटलं, "काका, एक म्हातारी बाई महिनोन्महिने एका टांग्याकडे बघत बसलीय! तुम्हाला बॉनेटची पडलीय?"

काका बबलूकडे वळून म्हणाले, "जे मिळेल ते लावा."

बबलू भियाने जे मिळालं ते लावलं. शेजारच्या समोसेवाल्याची जुनी कढई! बॉनेटला भोक पाडून कढई पालथी वेल्ड केली, कड्यांसकट. "कड़े क्यों नहीं निकाले भिया?" मी विचारलं. तर म्हणे, "उठाने में आसान रहेगा."

गल्लीतलं खोदकाम एव्हाना बुजवलं होतं. क्रेन आली. डबा चॅसिसवर चढला. मी दार उघडलं, तिसरं कपाट, लाल बांधणी. पुस्तक हातात घेतलं आणि शर्टाच्या आत घातलं. म्हटलं, आता हे परत कुठे ठेवायचं नाही.

*

इंजिन चालू झालं तो क्षण मी विसरणार नाही. काकांनी नारळ फोडला, बबलूने गाडी ढकलायला लावली, आणि एवढा काळा धूर निघाला की हार घालायला आलेला माणूस दिसेनासा झाला. आवाज? जणू डब्यात दगड टाकून हलवताय! पण चालू झालं. केतनच्या डोळ्यांत पाणी होतं, धुराचं म्हणाला.

बबलूने मला बाजूला घेतलं. "भिया, एक बात. अभी बंद मत करना. ये एक बार बंद हुआ ना, तो कब चालू होगा, अपन को नी पता." चावीने ते बंद होत नव्हतंच. स्टिअरिंगखाली एक दांडी होती, ती ओढली की थांबायचं. काकांनी त्या दांडीवर रुमाल बांधून ठेवला, चुकूनसुद्धा कुणाचा हात लागू नये म्हणून.

आम्ही थेट जुनी इंदूरला निघालो. पानसे काका माझ्या शेजारी, हार मांडीवर. सगळा रस्ता आमच्याकडे बघत होता.

*

बांगड्यांच्या दुकानापुढे गाडी उभी केली, चालूच ठेवली. काका म्हणाले, "तू जा वर. मी हिच्याजवळ थांबतो." मी पुस्तक घेऊन दोन दोन पायऱ्या चढत गेलो.

खोलीत बायकाच बायका. गल्लीतल्या. कुणी पलंगावर, कुणी खाली, कुणी मटार सोलतंय, कुणाच्या मांडीवर लेकरू झोपलेलं. मध्ये खुर्चीत नलूताई, हिंदीत काहीतरी रंगवून सांगत होत्या. मला बघून त्यांनी हात वर केला, म्हणजे थांब.

मी थांबलो नाही. पुस्तक पुढे केलं. "ताई, भाग दुसरा!"

त्यांनी ते घेतलं. पदराने धूळ पुसली. उघडलं नाही.

"तू वाचलायस?"

"नाही."

"श्रीधरच उतरतो ना रे टांग्यातून?"

"ताई, मला काय माहीत? आत लिहिलंय. उघडा ना!"

"आणि तो नसला तर?"

मी पुस्तकावर बोट ठेवलं.

"तुझी गाडी येईना," नलूताई हळू आवाजात मराठीत म्हणाल्या, "मला राहवेना. मीच पुढे सांगायला लागले ह्यांना. रोज दुपारी येतात. मी तोच उतरलाय म्हणून सांगितलं." त्यांनी डोळ्यांनीच दाराकडे दाखवलं. उंबऱ्याला टेकून एक तरुण बाई बसली होती. "सरिता. हिचा नवरा सुरतला कामाला गेलाय. दोन दिवाळ्या झाल्या."

"मग?"

"मग काय? श्रीधर आलाय. पण वत्सलाने अजून घरात घेतलेलं नाही. ओट्यावर बसवलाय. चहा दिलाय फक्त. आज ठरायचंय." त्यांनी पुस्तक माझ्या हातात परत दिलं. "हे घेऊन जा. नंतर बघू."

"ताई! तुमच्यासाठी मी..." काय काय आठवलं असेल मला, विचार करा!

"बस तिथे खाली. आणि मध्ये बोलू नकोस."

मी बसलो. नलूताई पुन्हा सुरू झाल्या, पण खालून आमचं इंजिन असं धडधडत होतं की एक शब्द कळेना. त्यांनी आवाज चढवला, त्यांना खोकला आला. बायका पुढे सरकल्या, कानामागे हात धरले.

दाराशी बसलेली सरिता माझ्याकडे वळली. "भिया, वो मशीन बंद कर दो ना. कुछ सुनाई नी पड़ रिया."

मी जिना उतरलो. पानसे काका कढईवर हात ठेवून उभे होते, चेहऱ्यावर समाधान. मला दांडीकडे जाताना बघून त्यांचा चेहरा पडला.

"अविनाश! अरे, बंद करू नकोस! बबलू काय म्हणाला? परत चालू होणार नाही!"

मी रुमाल सोडला आणि दांडी ओढली.